पाळण्यापुढचा बाप

मी एक जुनी फिल्म बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, जन्मभर मुकीच होते. माझ्या काळात चित्रं हलायची, पण तोंडातून अवाक्षर निघायचं नाही. तरी मी लोकांना पोट धरून हसवलं. आता गंजक्या डब्यात पडून आहे आणि अंगाला आंबूस वास सुटलाय.

माझी कथा अगदी साधी. नुकताच बाप झालेला एक माणूस, बायको बाहेर गेलेली आणि पाळण्यात तान्हं पोर. मग काय विचारता! दूध उतू जातं, दुपटं सापडत नाही म्हणून बाप टेबलावरचं कापड ओढतो, पोराला झोपवता झोपवता स्वतःच घोरायला लागतो. हा बाप झाला होता लंबू नावाचा नट. ताडमाड उंच गडी, पाय एकीकडे तर गुडघे भलतीकडे. तो नुसता वाकून दारातून आत आला तरी लोकांना हसू आवरायचं नाही.

पाळण्यातलं बाळ आधी दुसऱ्याच कुणाचं होतं. दिवे लागले की ते भोकाड पसरायचं. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "अरे लंबू, तुझ्या घरी आहे ना एक? त्यालाच आण उद्या."

लंबूची बायको तिथेच शेजारच्या खोलीत नटांचे कपडे शिवायची. ती म्हणाली, "आणा की हो. माझ्याजवळ तरी राहील." अशा रीतीनं खोट्या बापाच्या वाट्याला स्वतःचंच खरं पोर आलं.

शेवटच्या प्रसंगात फळीवरचा पिठाचा डबा बापाच्या डोक्यावर पडायचा होता. तो पडला नेमका तोंडावर. लंबूचे डोळे पिठानं मिटले, शिंकांवर शिंका सुरू झाल्या. आणि पाळण्यातलं पोर हसलं. तोवर ते नुसते ओठ हलवायचं. असं खळखळून हसण्याची ती पहिलीच वेळ. "थांबू नका, फिरवत राहा!" दिग्दर्शक ओरडला आणि कॅमेरावाला दांडा फिरवत राहिला.

बायको शिवण टाकून धावत आली, तर पोर अंगठा चोखत पडलेलं.

"हसला?"

"हसला गं! मला दिसलं नाही, पण ऐकलं ना मी!" लंबू डोळे चोळत म्हणाला.

"असू दे. आता घरी हसेलच की."

घरी तो हसला नाही. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला, आणि तापातच तो गेला.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "म्हणशील तर तेवढा भाग काढून टाकतो." लंबू म्हणाला, "नको. कुठेतरी हसत राहू दे त्याला." त्या दोघांनी मात्र मला पाहिलं नाही. "आत्ता नाही बघवणार," बायको म्हणायची, "पण आहे ना ते? मन घट्ट झालं की बघेन." तेवढ्या एका भरवशावर ती बाई जगत राहिली.

माझ्या बाकीच्या प्रती गोदामाच्या आगीत जळाल्या. उरले मी एकटी, गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका फिरत्या खेळवाल्याकडे. पोर हसायला लागलं की प्रेक्षक तंबू डोक्यावर घ्यायचे. "पुन्हा! पुन्हा!" मग खेळवाला मला उलटी फिरवायचा आणि तेवढाच तुकडा परत दाखवायचा. बाकी मी धडधाकट; झिजायची ती तेवढीच जागा. यंत्राच्या दात्यांत अडकणारी कडेची भोकं फाटायची, मी तुटायचे. तो कात्रीनं फाटकं कापून काढायचा, टोकाला टोक चिकटवायचा आणि म्हणायचा, "चार चित्रं गेली तर कुणाला कळतंय!" कापलेलं सगळं केराबरोबर जायचं.

गावोगाव लोकांनी त्या पोरावर जीव लावला आणि त्या मायेनंच ते पोर संपवलं. मी काय करणार? मला तर ओरडताही येत नव्हतं. एक दिवस ते हसू पुरतं संपलं, मग "पुन्हा"ही कुणी म्हणेना. मला डब्यात टाकलं.

पुष्कळ वर्षांनी एका दुपारी दोन म्हातारी माणसं खेळवाल्याच्या दारात आली. लंबू आता कमरेत वाकला होता; दिग्दर्शक आणि कॅमेरावाला तर केव्हाच वारले होते. खेळवाल्याला कोण आनंद! त्यानं खिडक्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. म्हातारीनं चष्मा पुसला. "आता बघवेल मला," ती म्हणाली.

दूध उतू गेलं. तरणा नवरा बघून तिला हसूसुद्धा आलं. मग पीठ पडलं, शिंका आल्या, एक हिसका बसला आणि चादर पांढरी झाली.

"आणि तो?" तिनं विचारलं.

खेळवाल्याचा चेहरा उतरला. "बाई, तो भाग लोकांना फार आवडायचा हो..."

"अगं, हसला होता तो. मी ऐकलंय," लंबू म्हणाला.

"ऐकल्याचं जन्मभर सांगताय. दिसत कसा होता?" लंबूच्या डोळ्यांत तेव्हा पीठ होतं. ती खेळवाल्याकडे वळली. "तुम्ही तर कितीदा पाहिला असेल. हसताना त्याच्या गालाला खळी पडायची का?"

"माझी नजर यंत्रावर असायची, बाई."

तिनं चष्मा काढला. मग नवऱ्याचा हात धरून उठली.

मलाही ते सांगता येत नाही. ऐकलेलं सारं ध्यानात आहे, पण पाहिलेलं आठवतं ते माझ्या अंगावर उरलेल्या चित्रांपुरतंच. म्हणून मला जपा, असं मी म्हणत नाही. आता माझ्यात जपण्यासारखं काय आहे? पण त्या तंबूत बसून "पुन्हा, पुन्हा" ओरडलेलं कुणी अजून असेल, तर हात जोडून सांगते, ती म्हातारी आहे तोवर तिच्या घरी जा. ते पोर कसं हसायचं, एवढं तिला सांगा.