नंबरप्लेटचं झबलं

सायुत मावशीच्या मोटारसायकलमागे घोरपड येऊन बसली, त्यानंतर आमच्या शाळेतल्या मुलांना आइस्क्रीमला पावडरचा वास येऊ लागला. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते आधी सांगतो.

मावशी बावीस वर्षं शाळेच्या फाटकाशी नारळाचं आइस्क्रीम विकते. मोटारसायकल, तिच्या डाव्या अंगाला जोडलेली चौकोनी गाडी आणि त्या गाडीत स्टीलचं पिंप. पाव मधून चिरायचा, त्यात चिकट भात, भातावर आइस्क्रीमचे तीन गोळे, वर शेंगदाणे. एका दुपारी गटारातून हातभर लांबीची घोरपड निघाली, सावकाश रस्ता ओलांडून आली आणि मोटारसायकलच्या मागे बसून नंबरप्लेटकडे पाहत राहिली. चांगला अर्धा तास. तिला तिथे सावली मिळाली होती. मी चौथीच्या वर्गाला खिडकीतून ती सावली दाखवलीसुद्धा. पण रस्त्यावरची मंडळी सावली बघत नव्हती. प्लेटचे शेवटचे दोन आकडे होते सत्तावीस. मंडळींनी लॉटरीत सत्तावीस घेतला आणि सोळा तारखेला नेमका सत्तावीसच लागला.

आमच्याकडे एकदा आकडा लागला की त्या जागेला लोक सुखाने जगू देत नाहीत. जुनं झाड असो, केळीचा वेडावाकडा कोंब असो, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची आणि बोटांनी हळूहळू चोळत राहायचं. पावडरीतून पुढच्या सोडतीचा आकडा वर येतो म्हणतात. आता ही पावडर मावशीच्या नंबरप्लेटवर पडू लागली.

"प्लेटवर आकडे आधीच छापलेले आहेत," मी लाम्याई आजीला म्हटलं. आजी सगळ्यांत पुढे, हातात पावडरचा मोठा डबा. "मग चोळून निराळे आकडे कुठून येणार?"

"छापलेले सरकारचे, गुरुजी," आजी चोळता चोळता म्हणाली. "आतले घोरपडीचे."

मी वर्गावर परत गेलो.

प्लेट आणि पिंप यांत अंतर जेमतेम वीतभर. वारा सुटला की पावडर उडे आणि मावशीने झाकण उघडलं की आत जाई. चौथीतली इम नावाची मुलगी म्हणाली, आइस्क्रीम खाल्लं की आपल्या छोट्या भावाला चाटल्यासारखं वाटतं. ही बातमी मुख्याध्यापिका पेन्सी बाईंपर्यंत गेली. त्या स्वतः फाटकाशी आल्या, एक चमचा खाल्ला आणि तीनदा शिंकल्या.

"मावशी, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही," नाक पुसत त्या म्हणाल्या. "पण मुलांच्या पोटात पावडर जाते आहे. सोमवारी मी परत येईन. तेव्हाही वास आला, तर गाडी इथे नको. बाजाराच्या टोकाला लावा."

बाजाराच्या टोकाला आइस्क्रीमच्या चार गाड्या आधीच उभ्या असतात आणि त्यातल्या एकीवर गाणी वाजतात. त्या दिवशी मावशीने मला पावात भात घालायला विसरून नुसता पाव दिला.

पुढची सोडत एक तारखेला, म्हणजे नेमकी त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी. गर्दी रोज वाढणार हे उघड होतं. लोकांना हाकलावं, तर त्यात निम्मे तिचे गिऱ्हाईक आणि उरलेले तिचे नातेवाईक. मावशीने ठरवलं, प्लेटच झाकायची.

दुसऱ्या दिवशी ती स्पेअर पार्टच्या दुकानातून काळपट प्लास्टिकचं कव्हर घेऊन आली. चार स्क्रू, वर कव्हर, आत आकडे नुसते सावलीसारखे. तासाभरात गर्दी दुप्पट झाली.

"लपवते आहे," सुरिन काका सगळ्यांना सांगत होते. काकांचं पंक्चरचं दुकान समोरच आहे. त्या आठवड्यात त्यांनी एकही पंक्चर काढलं नाही. "लपवते म्हणजे आकडा जबरदस्त असणार."

"सायुत, घरच्यांपासून कसलं लपवणं?" लाम्याई आजी म्हणाली.

"आजी, मी आकडा लपवत नाही. मी आइस्क्रीम वाचवते आहे."

"असं सगळेच म्हणतात."

कोण सगळे, हे आजीने सांगितलं नाही. दुपारपर्यंत लोक भर उन्हात बॅटऱ्या घेऊन कव्हरच्या आत डोकावू लागले.

एवढ्यात हवालदार खामसिंग आले आणि गर्दी चिडीचूप झाली. लोकांनी डबे पदराआड केले, खिशातल्या चिठ्ठ्या मुठीत दाबल्या. हवालदारांच्या दंडुक्याला गावात कोणी भीत नाही. माणूस गरीब स्वभावाचा आहे. भीती आहे ती त्यांच्या नशिबाची. वीस वर्षं ते दर सोडतीला तिकीट घेतात आणि वीस वर्षांत त्यांना एकदाही काही लागलेलं नाही. त्यामुळे हवालदारांनी घेतलेला आकडा मेला, असं सगळं गाव मानतं. एकदा देवळामागच्या अंजनाच्या झाडाला टेकून त्यांनी फक्त घाम पुसला होता. त्या संध्याकाळी लोकांनी आकड्याच्या आशेने झाडाला बांधलेल्या रंगीत फिती सोडून घरी नेल्या. हे सगळ्यांना ठाऊक आहे, एका हवालदारांना सोडून. लोक आपल्याला पाहून गप्प होतात तो वर्दीचा मान, असं ते समजतात.

"मावशी, हे कव्हर चालणार नाही," ते वाकून म्हणाले. "नंबर लांबून वाचता आला पाहिजे. झाकला की दंड. काढून टाका, म्हणजे मी काही पाहिलं नाही."

"पारदर्शक चालेल?"

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वाचता आलं तर काय म्हणणार? नाही आलं तर म्हणणार."

ते गेले. मावशीने काळं कव्हर काढून पारदर्शक बसवलं. त्याने झालं एवढंच की लोकांची सोय झाली. पत्र्यावर पावडर अडकायची, प्लास्टिकवर ती लोण्यासारखी फिरू लागली. सुरिन काकांनी मावशीचे आभार मानले.

माझ्या दृष्टीने आता हा प्रश्न कायद्याचा कमी आणि विज्ञानाचा जास्त झाला होता. शुक्रवारी मी चौथीचा वर्ग फाटकाबाहेर आणला. मैदान आखायची लांब टेप आणली, खडूने वीस पावलांवर रेघ मारली. मुलं रेघेवर उभी, समोर मोटारसायकल. काळं कव्हर लावून वाचा. बत्तीसपैकी तिघांना वाचता आलं आणि त्या तिघांनी तीन वेगवेगळे नंबर सांगितले. पारदर्शक लावून वाचा. सकाळी नऊला सगळ्यांना जमलं; बारा वाजता ऊन समोर आलं, प्लास्टिक आरशासारखं चमकलं, तेव्हा पाचच जणांना. काहीच न लावता वाचा. सगळ्यांना जमलं, चष्मा घरी विसरलेल्या इमलासुद्धा.

"आता निष्कर्ष काय?" मी विचारलं.

इमने हात वर केला. "गुरुजी, कव्हर पोलिसांना नंबर दिसू देत नाही. आणि आजीला अडवत नाही. म्हणजे ज्याला दिसायला पाहिजे त्याला दिसत नाही, आणि ज्याने हात लावायला नको तो लावतोच."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेटकं उत्तर मी ऐकलं नव्हतं. मी ते खडूने रस्त्यावरच लिहून घेतलं आणि मुलांना म्हटलं, तपासून पाहिल्याशिवाय वस्तू विकत घेऊ नये. मावशी पिंपावर हात ठेवून ऐकत होती.

"गुरुजी, तुमचं झालं?" ती म्हणाली. "मग मला एक सांगा. कुठलं कव्हर लावलं तर दंड नक्की होईल?"

"दंड व्हायला नको ना?"

"व्हायला पाहिजे," मावशी म्हणाली. "दंड करायचा तर हवालदारांना माझा नंबर वहीत लिहावा लागतो. लोकांच्या देखत."

मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी पंक्चरच्या दुकानासमोर जमलेल्या लोकांकडे पाहिलं.

"कापडी," मी म्हटलं. "आरपार काही दिसलंच नाही पाहिजे."

शनिवारी शाळेत क्रीडादिनाची तालीम होती, त्यामुळे मुलंही होती आणि बंदोबस्ताला हवालदारही येणार होते. मावशी आली ती प्लेटला झबलं घालून. गुलाबी कापड, खाली झालर, वर इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना बांधायला बंद. रात्री तिने ते नातीच्या जुन्या फ्रॉकमधून शिवलं होतं. लोकांना वाटलं, हे पूजेचं वस्त्र. अर्ध्या तासात झबल्याला झेंडूची माळ लागली आणि पुढ्यात नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली आली, नळीसकट. सुरिन काकांनी आपल्या घरून प्लास्टरचा छोटा हत्ती आणून ठेवला.

हवालदार आले. झबल्यापुढे उभे राहिले.

"मावशी, हे काय?"

"झबलं."

"प्लेटला?"

"सकाळी गारवा असतो."

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. "बरं, काढा ते. मी पाहिलं नाही."

"पाहिलंत. त्याच्यासमोर उभे आहात."

"मी आइस्क्रीम खायला आलोय."

"आधी दंड, मग आइस्क्रीम."

"अहो मावशी, मी तुम्हाला दंड करू? लहानपणी तापात माझी आई मला तुमच्या आईच्या हातचं आइस्क्रीम द्यायची."

"म्हणूनच सांगते. कायद्यापुढे आइस्क्रीम आणू नका. वही काढा."

हवालदारांनी नाइलाजाने वही काढली. वही दिसताच गर्दीत कुजबूज झाली. लाम्याई आजीने पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"लिहितो आहे," आजी हळूच म्हणाली. "सुरिन, त्याला लिहू देऊ नकोस."

सुरिन काका धावत पुढे आले. "साहेब, जाऊ द्या. बाईमाणूस आहे, चुकली."

"मी चुकले नाही, मुद्दाम केलं," मावशी म्हणाली. "लिहा."

"गरीब आहे हो, साहेब."

"मी गरीब नाही."

"तिच्या वतीने मी माफी मागतो."

"तू पंक्चर काढ."

आता सगळा रस्ता हवालदारांची विनवणी करू लागला. एकीने त्यांचा हात धरला, एकाने पेन मागून घेतलं आणि परत देईना. हवालदारांचे डोळे पाणावले. "बघा मावशी," ते म्हणाले, "गावाचा किती जीव आहे तुमच्यावर. एवढी माणसं सांगताहेत, मी नाही लिहीत."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं लाल पेन काढून हवालदारांच्या हातात दिलं.

"खामसिंग," मी म्हटलं. तिसरीत तो माझ्याच वर्गात होता. "तिकडे बत्तीस मुलं उभी आहेत. काल ती शिकली की नंबर झाकला तर दंड होतो. आता तू सोडलंस तर सोमवारी मी त्यांना काय सांगू?"

हवालदार सरळ उभे राहिले. त्यांनी माळ बाजूला केली, झबलं दोन बोटांनी वर उचललं, आणि माझ्या वर्गात शिकल्याप्रमाणे एकेक अंक मोठ्याने वाचत वहीत लिहिला. शेवटचे दोन अंक लिहून त्यांनी त्यांच्याखाली रेघ मारली.

 लाम्याई आजीने डबा पिशवीत टाकला आणि हवालदारांनी जिथे हात लावला होता तिथून लांबून वळसा घालून ती घरी निघाली. तिच्यामागे बाकीचे. सुरिन काकांनी हत्ती उचलला, बाटली उचलली, थोडा विचार करून सरबत पिऊन टाकलं आणि दुकानात जाऊन खरंच एक पंक्चर काढायला घेतलं. पाच मिनिटांत फाटकाशी आम्ही तिघं आणि मुलं एवढेच उरलो.

"एवढी माणसं होती," हवालदार म्हणाले, "कुठे गेली?"

"आपापल्या कामाला," मावशी म्हणाली. तिने झबलं काढून घडी केली, त्यांच्या हातातून पावती घेतली आणि पावात भात भरायला घेतला. हवालदारांच्या पावात तिने पाच गोळे घातले.

खाता खाता ते प्लेटकडे बघत होते. "गुरुजी, हा सत्तावीस परत येईल का हो? मनात आलं, बुधवारसाठी घ्यावा."

"आकड्याला आठवण नसते, खामसिंग. मागच्या वेळी आपण आलो होतो हे त्याला कळत नाही."

"म्हणजे येऊ शकतो."

"इतर कोणताही येऊ शकतो तितकाच."

"मग घेतो," ते समाधानाने म्हणाले.

सोमवारी सकाळी पेन्सी बाई आल्या. मावशीने पहाटे उठून पिंप तीनदा धुतलं होतं, प्लेट साबणाने घासली होती, गाडीची चाकंसुद्धा. बाईंनी चमचा नाकाजवळ नेला आणि थांबल्या. मुलं फाटकाच्या गजांतून बघत होती. मावशी पदराचं टोक पिळत होती. बाईंनी चमचा तोंडात घातला, आणखी एक घेतला, मग चमचा ठेवून पूर्ण पावच मागितला. तो खाऊन झाल्यावर रुमालाने बोटं पुसली.

"शेंगदाणे जरा कमी भाजा," त्या म्हणाल्या. "बाकी गाडी आहे तिथेच राहू द्या."

आणि त्या आत गेल्या. शाळेची घंटा झाली, पण बत्तीस मुलांची रांग फाटकाशी तशीच राहिली. त्या दिवशी पहिल्या तासाला चौथीच्या वर्गात मी एकटाच होतो. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मीही रांगेत जाऊन उभा राहिलो.