पाच मिनिटांचा सवाल

समिधा गेली सहा वर्षं शारजाच्या मराठी मंडळात घंटा वाजवत होती. कार्यक्रमात कोणी दिलेल्या वेळेपेक्षा जास्त रेंगाळलं, की साउंडवाल्याच्या टेबलाशी बसून टुण्णकन घंटा मारायची आणि तरीही माणूस हलला नाही, तर त्याचा माइक बंद करायला लावायचा, हे तिचं काम. हे काम कोणालाच नको असतं, कारण त्यात वैर तेवढं पदरात पडतं. पण समिधा रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटी खात्यात होती. मापात न बसणारं बाजूला काढायची तिला सवयच होती.

रोज शारजाहून फॅक्टरीपर्यंत तासाभराचा रस्ता आणि गाडीत एफएम. रेडिओवर शुक्रवारी मराठीला अर्धा तास मिळे. त्या अर्ध्या तासात चार वर्षं तीच सिनेमातली दहा-बारा गाणी आलटूनपालटून लागत होती. समिधाची काही तक्रार नव्हती. मराठी गाणं म्हणजे एवढंच, अशी चिंचवडच्या या बाईची खुशाल समजूत होती. ज्याने आंबाच पाहिला नाही, त्याला बाटलीतलं सरबतही गोड लागतं.

फेब्रुवारीत तिची गाडी गॅरेजला गेली. त्या दिवशी घरी परतताना फॅक्टरीतून शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या गोदामात माल घेऊन निघालेल्या पिकअपमध्ये तिला जागा मिळाली. गाडी चालवायला खैरुद्दीन आणि मधे अंग चोरून बसलेला महादू. हा गोदामावर पेट्या चढवायचा-उतरवायचा. पन्नाशीचा, काटक, मनगटाला पट्टा बांधलेला. पिकअपचा रेडिओ मोडला होता, म्हणून महादूच्या फोनवर गाणं चालू होतं.

आधी ढोलकी आली. मग एक घोगरा आवाज, कोणाची भीड न बाळगणारा. त्याच्यामागून दहा-बारा जणांनी तीच ओळ झेलली आणि घुंगरांचा असा ठेका पडला की समिधाचा पाय डॅशबोर्डाखाली आपोआप हलायला लागला. अर्थ निम्मा कळत होता, निम्मा नाही. अंगावर काटा मात्र पूर्ण आला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"जाखडी, मॅडम. शक्ती-तुरा. आमच्या संगमेश्वर बाजूस असतो. दोन पार्ट्या, एक शक्तीवाली, एक तुरेवाली. शाहीर मधे बसतो, नाचणारे भोवतीनं गोल धरतात. आधी गण, मग गवळण आणि मग सवाल. समोरच्या पार्टीनं गाण्यातनं जवाब द्यायचा."

"आणि नाही आला जवाब तर?"

"तर हार मानायची. तवर सवाल टाकणारा बैठक सोडत नाय. आमच्या गावास एकदा उजाडलं होतं."

"मग रेडिओवर कसं नाही हे कधी?"

महादू हसला. "रेडिओला तीन मिनटांचं गाणं लागतं. आमचा नुसता गण बारा मिनटांचा. हे आमच्या गावच्या शाहिरानं स्वतःच फोनवर रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकलंय. नऊशे वेळा ऐकलंय लोकांनी. त्यातलं निम्मं आम्हीच सातजण ऐकलं असंल."

ते सातजण एकाच बाजूचे, कामगारांच्या एकाच कॅम्पात राहणारे, रविवारी गोदामामागे गोल धरणारे. समिधाने फोनवर ते गाणं मागून घेतलं. उतरताना ती म्हणाली, "बरं झालं तुमची ओळख झाली."

"मी तुम्हाला ओळखतो, मॅडम," महादू म्हणाला. "तुम्ही त्या घंटावाल्या. तुमच्या प्रोग्रामला खुर्च्या आम्हीच मांडतो की. सात वर्सं झाली."

गोदामाचा मॅनेजर मंडळाचा सभासद होता. दर वर्षी तो आपली माणसं 'स्वयंसेवक' म्हणून पाठवी. त्यांनी खुर्च्या मांडायच्या, पंगत वाढायची, पुन्हा खुर्च्या उचलायच्या. समिधाने त्यांच्या हातून सहा वर्षं जिलेबी घेतली होती आणि एकदाही मान वर करून तोंडाकडे पाहिलं नव्हतं. तिला लाज वाटली. घरी जाऊन तिने ते गाणं चार वेळा ऐकलं आणि मग लाजेच्या जोडीला रागही आला. आपल्याच भाषेतलं एवढं जितंजागतं गाणं आपल्यापासून कोणी लपवून ठेवलं? रेडिओने? मंडळाने? की आपणच कधी कान दिला नाही?

पुढचे आठ रविवार ती आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, इराला घेऊन गोदामामागे जाऊन बसली. "इट्स सो लाउड, मम्मा," इरा पहिल्या रविवारी म्हणाली. तिसऱ्या रविवारी ती गोलात होती आणि एका पायात घुंगरू बांधून मागत होती.

मेच्या कार्यक्रमाची बैठक झाली तेव्हा समिधाने विषय काढला. अध्यक्ष विजयकुमार हे मोठ्या पदावरून निवृत्तीला आलेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं माहीत आहे या आजाराने बेजार होता.

"कोण, ते आपले खुर्च्यांवाले?" ते म्हणाले. "अगं समिधा, चांगली माणसं आहेत, पण आपल्या ऑडियन्सची एक लेव्हल आहे. मुंबईहून ऑर्केस्ट्रा येतोय."

समिधाने हट्ट सोडला नाही. शेवटी फॅशन शो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यामधे, वादकांच्या वायरी जोडून होईपर्यंत, पाच मिनिटं मिळाली. अट अशी, की पोरांनी नेहमीप्रमाणे दुपारी येऊन खुर्च्या मांडायच्याच.

पाच मिनिटांत काय बसवायचं? समिधाने आपल्या सवयीप्रमाणे कातरी चालवली. गण काढला, गवळण काढली. "थेट सवालच घ्या, महादूभाऊ. तोच खरा दमदार."

महादूने बराच वेळ ढोलकीची दोरी ताणली. "बगा हां, मॅडम. एकदा सवाल टाकला की जवाब आल्याशिवाय आम्ही उठत नाय."

"अहो, पण समोर दुसरी पार्टीच नसणार. जवाब देणार कोण?"

"समोर दीडशे मानसं असतील की," महादू म्हणाला.

समिधाला वाटलं, तो गंमत करतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी फॅशन शोमधल्या नऊवारी साड्या विंगेत गेल्या आणि सातजण स्टेजवर आले. अंगात गोदामाचेच निळे शर्ट, डोक्याला भगवे फेटे, उजव्या पायात घुंगरू. महादू ढोलकी घेऊन मधे मांडी घालून बसला. लोक चहाला उठायच्या तयारीत होते. साउंडच्या टेबलावर अफनान नावाचा कंत्राटदाराचा मुलगा होता. त्याच्या शेजारी समिधा घंटा आणि घड्याळ घेऊन बसली, तिच्या शेजारी इरा.

ढोलकी कडाडली आणि उठणारे बसले. सहाजणांनी गोल धरला. लाकडी स्टेज असं दणाणलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्स सावरल्या. मग महादूने डोळे मिटून सवाल टाकला.

"सात वर्सं खुर्च्या मांडल्या, सात वर्सं पानं वाढली,
तुमच्या दारी येता-जाता आमची चप्पल झिजली,
नाय पुसत वेद-पुराण, नाय घालत मी गूढ,
आमच्या साताजणांतलं एक नाव सांगून ऊठ!"

गोलातल्यांनी शेवटची ओळ झेलली. एक नाव सांगून ऊठ. पुन्हा. एक नाव सांगून ऊठ. सभागृहात कोणी हसलं, कोणी टाळी दिली, आणि मग हळूहळू दोन्ही थांबलं. लोकांना कळलं होतं की प्रश्न खरोखरच विचारलेला आहे आणि तो आपल्यालाच विचारलेला आहे. पुढच्या रांगेत माना इकडून तिकडे वळायला लागल्या. नाव कोणालाच येत नव्हतं. गोदामाचा मॅनेजर तर बुटांच्या लेसकडे पाहत होता.

पाच मिनिटं झाली. समिधाने घंटेवर हात ठेवला.

महादूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ढोलकी चालू, गोल चालू आणि तीच ओळ चालू. तेव्हा कुठे समिधाच्या डोक्यात प्रकाश पडला. महादू गंमत करत नव्हता. ती माणसं उठणार नव्हती. जवाब आल्याशिवाय नाही.

आणि तिने घंटेवरचा हात काढून घेतला.

सहाव्या मिनिटाला विजयकुमार पुढच्या रांगेतून हाताने कातरीची खूण करायला लागले. सातव्याला ते स्वतःच टेबलाशी आले. "समिधा, घंटा कुठंय? अफनान, माइक बंद कर. खलास."

अफनानने समिधाकडे पाहिलं. "बंद नहीं करना," समिधा म्हणाली.

"अगं, ऑर्केस्ट्रावाले खोळंबलेत."

"सर, सवाल टाकलाय. जवाब आल्याशिवाय ते उठणार नाहीत. रीतच आहे ती."

"मग दे ना जवाब! तुला येतात ना नावं? एक नाव सांग आणि संपव हे."

"मम्मा, आय नो ऑल सेव्हन," इरा हात वर करत म्हणाली.

समिधाने तिचा हात धरून खाली घेतला. "माहितीये मला. गप्प बस." मग ती विजयकुमारांकडे वळली. "मला येतात, सर. पण सवाल मला नाही, मंडळाला आहे."

विजयकुमारांनी आवाज खाली आणला. "तुझं नाव आम्ही सेक्रेटरी म्हणून धरलंय. हे शोभतं का तुला?"

सेक्रेटरी व्हायचं तिच्या मनात होतं, तीन वर्षांपासून होतं. आताही ते मनातून गेलं नाही. फक्त ढोलकीच्या आवाजात ते फार बारीक ऐकू आलं. "दुसरं कोणी बघा," ती म्हणाली आणि आपला पंजा तिने माइकच्या बटणांवर पसरून ठेवला. अफनानने खुर्ची मागे ओढली आणि हाताची घडी घातली.

विजयकुमार मागच्या दाराशी गेले. तिथे कोणी स्वयंसेवक उभा असेल, त्याला एखादं नाव विचारू, असा त्यांचा बेत असावा. पण दाराशी कोणी नव्हतं. सगळे स्टेजवर होते. सभागृहात आता लोक उघडच हसत होते आणि ते हसू सातजणांना नव्हतं. मागच्या रांगांतल्या चार-सहा जणांनी तर झील धरली होती. एक नाव सांगून ऊठ.

अकराव्या मिनिटाला विजयकुमार स्टेजच्या पायऱ्या चढले. महादूने हात उचलला, ढोलकी थांबली. अध्यक्ष त्याच्याजवळ वाकून काही पुटपुटले.

"माइकात बोला, साहेब," महादू म्हणाला. "मानसांनी ऐकलं पायजे."

विजयकुमारांनी माइक घेतला, घसा साफ केला. "आम्हाला नाव सांगता येत नाही," ते म्हणाले. मग महादूकडे वळून, "मंडळ हरलं."

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलं. ते बोलताना त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता.

महादू उठला, त्याने विजयकुमारांना वाकून नमस्कार केला. मग ढोलकीची एक थाप आणि एकेकाचं नाव, गावासकट. भिवा, देवरूखचा. समाधान, आरवलीचा. ज्याचं नाव येई, तो गोलातून पुढे येऊन एक गिरकी घेई. शेवटी महादूने स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा इरा खुर्चीवर उभी राहून ओरडली आणि समिधाने तिला अडवलं नाही. तिला स्वतःला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं.

सातही नावं झाली. ऑर्केस्ट्रावाले वायरी उचलून पुढे सरसावले. महादू मात्र पुन्हा मांडी घालून बसला आणि त्याने गण सुरू केला.

विजयकुमार घाम पुसत टेबलाशी आले. "आता काय हे? जवाब झाला ना? किती वेळ चालणार?"

समिधाने घंटा इराच्या हातात दिली आणि पर्समध्ये टाकायला सांगितली.

"गणाला बारा मिनिटं, गवळणीला दहा," ती म्हणाली. "आणि मग सवाल."

"अजून सवाल?"

"बसा, सर. हा तर नुसता पाच मिनिटांचा होता."