मोकळी जागा

स्वतः बनवलेली रक्तचाचणी तपासायला धडधाकट माणसाचं रक्त हवं म्हणून सुनेने सासूबाईंनाच प्रयोगशाळेत आणलं.

"कामापुरतं का होईना, मला धडधाकट म्हणालीस!" त्या म्हणाल्या.

पण चाचणीच्या सोनेरी चकतीवर थेंब पडताच हृदयविकार दाखवणारा आकडा उसळला.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने स्वतःचं बोट टोचून दुसरी चकती लावली. आकडा तेवढाच उसळला.

"म्हणजे मीही गेले की काय!" ती हसली. "अगं, हृदयविकाराची खूण पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलीस, पण त्यांच्यामधली मोकळी जागा झाकायला विसरलीस. तिथे रक्तातलं काहीही चिकटतंय आणि आकडा फुगतोय."

म्हणजे खरं उत्तर अजून कळलंच नव्हतं. नव्या चकतीवरची जागा झाकली जाईपर्यंत सून येरझाऱ्या घालत राहिली.

"बस गं, मी कुठे पळून जातेय?" म्हणत सासूबाईंनी दुसरं बोट पुढे केलं. सुनेने मात्र सुई उचलली आणि टोचण्याआधीच पुन्हा खाली ठेवली.