रिक्षाच्या चाकाजवळचा दगडीपाला

मी दगडीपाला बोलतोय. खरचटलं की पोरं ज्याचा रस जखमेवर चोळतात, तोच मी. एरवी मला कोणी ओळख देत नाही. त्याचाच तर राग आहे!

बीडच्या बसस्टँडामागच्या गल्लीत, रिक्षावाल्या त्रिंबकच्या घराच्या पायरीच्या फटीत मी उगवलो. रोज त्याच्या रिक्षाचं चाक माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबायचं. त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही.

दसऱ्याआधी अंबाजोगाईला त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर सांगेपर्यंत रिक्षा बंद. काळा चष्मा लावून तो पायरीवर बसू लागला. आधी नुसता चरफडायचा. मग एके दुपारी त्याला माझ्या फुलावरचं नखाएवढं निळं फुलपाखरू दिसलं. त्यानंतर कुजक्या फळीवर उगवलेल्या अळंब्या दिसल्या, नळाच्या ओलीतली गोगलगाय दिसली. रोज काहीतरी नवं सापडायचं.

"बायना, हिकडं ये! लई बारीक हाय, उभ्यानं न्हाई दिसायचं."

बायनाबाई, त्याची बायको, लोकांच्या पोळ्या लाटून घर चालवत होती. पीठ माखलेले हात तसेच घेऊन ती दारात आली.

"मी इथं एकटी मरायले अन् तुमी गवत बघायलेत? डोळा गेला तर खायाचं काय, त्याचा घोर हाय का तुमाला?"

"घोर हाय म्हणूनच बघायलोय," त्रिंबक हळूच म्हणाला. "दुसऱ्या डोळ्यातबी मोतीबिंदू हाय. दिसतंय तवर बघून घेतो."

ती आत गेली. पोळपाटाचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

दिवाळीआधी डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या सकाळी सूर्य उगवायच्या आतच रिक्षा सुरू झाली. निघायच्या घाईत त्रिंबकनं चाक माझ्या फांदीवरूनच नेलं.

मग बायनाबाई झाडू घेऊन आली. इकडंतिकडं पाहिलं, झाडू ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. त्रिंबकला डॉक्टरांनी बसवलं होतं; स्वतःहून माझ्यापुढं बसलेली ही पहिलीच! पण फुलपाखरू नव्हतं. गोगलगाय फटीत शिरलेली. अळंब्या उन्हानं कधीच वाळून गेलेल्या.

"काय बघत व्हते कुणास ठावं," ती पुटपुटली आणि गुडघ्यावर हात देऊन उठू लागली.

मी काय करू? मला तोंड नाही. असतं तर गल्ली दणाणून सोडली असती : बायनाबाई, उठू नका! एवढ्या पहाटे फुलपाखरं येत नाहीत. जरा ऊन वर येऊ द्या.