उभ्यानं घेतलेलं माप

…फुली निळी होती, बेंबीच्या डावीकडे, जरा खाली, आणि पारदर्शक चिकटपट्टीखाली तिचा एक पाय फाकला होता. इतकं गबाळं खडूकाम आपण गिऱ्हाइकाच्या कापडावर कधी केलं नसतं, असं आपल्या शिवणकामाच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये, कपडे वर धरून उभ्या असलेल्या तिला वाटलं. काल नर्सने काढलेली. उद्या सकाळी सर्जन तिथेच भोक पाडणार, आतड्याचं तोंड बाहेर काढून कातडीला शिवणार आणि वर पिशवी लावणार. यापुढे जे जायचं ते तिथून जाणार.

बाकी सगळं करून झालं होतं. शौच रोखणाऱ्या फाटलेल्या स्नायूला टाके घातले, ते दोन वर्षं टिकले आणि उसवले. माकडहाडाजवळच्या नसेला तार लावून कमरेला यंत्र बांधलं – दोन आठवडे नुसत्या मुंग्या. गोळ्या घेऊन घट्ट करावं तर पाच-पाच दिवस पोटाचा दगड, सैल करावं तर… तर जिन्यात, बँकेच्या रांगेत, एकदा तर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून शिवण दुमडताना. "आता हाच मार्ग उरला. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा," सर्जन म्हणाला होता. मेल्या, तुझ्यावर आलं असतं म्हणजे कळलं असतं!

पडद्यापलीकडे लेक इस्त्री करत होती. तिला हर्निया सांगितला होता. तिच्यापासून आजार तितका लपवायचा नव्हता, तारीख लपवायची होती. कारण कळलं की ती विचारणार, कधीपासून? आणि त्याचं उत्तर ती स्वतःच होती… बावीस तास अडलेली, चिमटे लावून ओढलेली. कुठल्या आईने हे लेकीला सांगावं? त्यात तिलाच आता पाचवा महिना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि फुली तर नेमकी कमरपट्टीच्या वर. तिने चिकटपट्टी सोलली, स्पिरिटच्या बोळ्याने कातडी लाल होईपर्यंत घासली, मापाचा टेप लावला आणि तीन बोटं खाली नवी फुली काढली, रेखीव, पट्ट्याआड जाणारी. एकोणतीस वर्षं मी दुसरं केलं काय? कुणाचा पडका खांदा, कुणाचं सुटलेलं पोट, सगळं कापडात जिरवलं… मग माझं मला जमू नये?

चप्पल घालायला ती स्टुलावर बसली, आणि फुली दिसेना. पोटाच्या घडीने ती गिळली होती.

बसा, नर्स म्हणाली होती. वाका. आता आडव्या व्हा. बसल्यावर तुमची तुम्हाला दिसते ना? घडीत गेली तर पिशवी चिकटायची नाही, गळत राहील. आणि ती मनातल्या मनात हसली होती – माप कधी कुणी बसवून घेतं का, बाई? आता जुनी जागा बोटाने चाचपून सापडेना. परक्याच्या अंगावर ती डोळे मिटून सापडली असती.

पाचला नर्स घरी जायची. पाचला दहा कमी होते आणि फोन इस्त्रीच्या टेबलाशेजारी. तिने तो लावला.

"पुसली? अहो, पण का?"

"खाली हवी होती. झाकायला."

"बरं, उद्या पहाटे लवकर या, परत काढू. पण खरं सांगा, पिशवी नकोच आहे का तुम्हाला?"

"हवी आहे," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की तिची तीच दचकली. हे आपण ठरवलं कधी?

फोन ठेवला तेव्हा इस्त्री उभी करून ठेवलेली होती.

"आई, कसली पिशवी?"

तिने सांगितलं. तीनच वाक्यं लागली.

"कधीपासून?"

खोटं तयार होतं, कित्येक वर्षांपासून घडी घालून ठेवलेलं… ते तिने उचललंच नाही. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली. लेकीचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला. तिथे तरी थांबायचं. पण ती थांबली नाही – बावीस तास, चिमटे, न्हाणीघरातली पहिली सकाळ, तुला पाजताना खाली ओलं झालेलं अंथरूण – पोरीचा चेहरा पांढरा पडत चाललेला दिसत होता, गप्प बस, अगं गप्प बस, तिच्या पोटात मूल आहे… आणि तरी मला बरं वाटत होतं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि त्याची लाज काही केल्या वाटेना.