दाबून धरलेली कळ

उत्तमरावांची वाचा लकव्यात गेली, तेव्हा त्यांच्या सुनेनं, राखीनं, लॅपटॉपवर एक प्रोग्राम बनवला. कीबोर्डची एक कळ दाबली की पाणी, दुसरी दाबली की चहा, आणि सगळ्यांत लांब, स्पेसबारची कळ दाबली की सासूच्या, कोकिळाबाईंच्या आवाजात हाक: "राखी, ये वो."

पण उत्तमरावांची सारी हयात नांदुऱ्याच्या जिनिंगात, कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसवर गेलेली. तिथं बटण दाबून धरायचं. हात उचलला की मशीन थांबतं. तीच सवय इथं. बोट ठेवलं की उचलायचं नाव नाही, आणि लॅपटॉप "राखी, राखी, राखी" करून घर डोक्यावर घेई.

"तुही मशीन येडी झाली का वो?" शेजारच्या बेबीताई भिंतीपलीकडून हसायच्या.

कोकिळाबाई वैतागल्या. "माह्याच आवाजानं माह्यं डोकं उठवलं. बंद कर ते."

राखीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: कळ कितीही वेळ दाबून धरली तरी हाक एकदाच, दुसरी हवी तर बोट उचलून पुन्हा दाबायचं. घर कसं गप्प झालं. स्वतःवर खूश होऊन ती गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली.

धडधडत मालगाडी गेली. नांदुऱ्यात गाडीचं कुणाला काय; पण ती गेल्यानंतरची शांतता राखीला खुपली. मामाजींनी अजून चहा कसा मागितला नाही? मिरच्या तशाच टाकून ती जिना उतरली.

कोकिळाबाई स्वयंपाकघराच्या दारात पडल्या होत्या. इन्सुलिन घेतलं होतं, जेवण राहिलं होतं. अंग घामानं निथळत होतं. "साखर," त्या कशाबशा पुटपुटल्या. समोर खुर्चीत उत्तमराव. लांब कळीवर दाबलेलं बोट पांढरं पडलेलं, डोळ्यांना धार. लॅपटॉप गप्प; एकदाच वाजलेली हाक मालगाडीच्या धडधडीत बुडाली होती.

राखी धावली. तिनं साखरेचं पाणी केलं, सासूला भिंतीशी टेकवलं, घोट घोट पाजलं. ती ओळ आपणच लिहिली, एवढंच डोक्यात घुमत होतं. कोकिळाबाईंची नजर ठिकाणावर यायला फार वेळ लागला.

"मामाजी, सोडा आता. मी आली."

त्यांनी बोट उचललं नाही. शेवटी तिनंच ते हलकेच उचललं, ओळ खोडली, आणि बोट होतं तिथं परत ठेवलं.

"राखी, ये वो. राखी, ये वो. राखी, ये वो."

"बिघडली का वो पुन्हा?" भिंतीपलीकडून बेबीताई.

राखीचा हात लॅपटॉपकडे गेला. कोकिळाबाईंनी तो धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे."