धावत्या बाई

"झोपते म्हणजे काय, चक्क घोरते हो! सगळा वर्ग हसतो. मी शिकवायचं कसं?"

वर्गशिक्षिकेने मुलीला दंडाला धरून जिन्याखालच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "आता तुम्हीच बघा बाई. मी हात टेकले."

ती गेली. मुलगी खाली मान घालून बसली. सातवीतली, वयाच्या मानाने उंच, हातांची कातडी मात्र म्हातारीसारखी फाटलेली. बाईंनी तो हात हातात घेतला, तर फिनेलचा भपकारा आला.

या खोलीत पूर्वी मोडकी बाकं ठेवत. शाळेला वस्तीतल्या दवाखान्याशी आणि मदत करणाऱ्या संस्थांशी जोडून द्यायचं ठरलं, तेव्हा बाकं बाहेर गेली आणि बाई आत आल्या. त्याआधी त्यांचं निम्मं आयुष्य सरकारी इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत गेलं होतं. कुठल्या दारावर थाप मारली की कोण उघडतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणाला चष्मा हवा, कुणाचा कान वाहतो, कुणाचा बाप पिऊन मारतो. बाई पर्स काखोटीला मारून निघायच्या. पोरं त्यांना 'धावत्या बाई' म्हणायची. हेडसर म्हणायचे, "शाळा आम्ही चालवतो, बाई पळवतात."

"घरी कोण आजारी आहे?" बाईंनी विचारलं.

मुलीने हात मागे घेतला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. कपभर गरम दूध दिलं, दोन खुर्च्या जोडल्या आणि म्हणाल्या, "झोप. घोरलीस तरी इथे हसायला कोणी नाही."

ती झोपली ती मधली सुट्टी होऊन गेली तरी उठली नाही. उठली तेव्हा आधी दाराकडे बघितलं, मग बाईंकडे.

"कोणाला सांगणार नाही ना?"

"काय सांगायचं नाही, ते आधी कळू दे तरी."

मग ती बोलली. आई धाकटीच्या वेळी गेली. बाप इमारतीच्या परांचीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही. काका आले, हळहळले, निघून गेले. आता घरात बाप, ती आणि धाकटी बहीण. "रात्री सारखं उठून त्यांची कूस बदलावी लागते. नाहीतर पाठ सडते, डॉक्टर म्हणाले. मी बदलते, तरी सडलीच."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"सांगितलं की नेतात. शेजारच्या पोरांना नेलं. एक इकडे, एक तिकडे. धाकटी माझ्याशिवाय जेवतसुद्धा नाही."

"कोणी नेत नाही. मी आहे ना," बाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. असं वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणायच्या आणि दहांतल्या आठ वेळा ते खरंही करायच्या.

त्याच संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. मागच्या अंगाचा अंधारा जिना, वर एकच खोली. खोली लख्ख होती, पण वास भिंतीत मुरलेला. बापाची दाढी कोणीतरी स्वच्छ केली होती. हनुवटीवर एक ताजा ओरखडा होता. धाकटी पलंगाच्या पायाशी बसून बापाच्या पायाच्या बोटांना दोरा गुंडाळत होती. त्याला स्पर्श कळत नव्हता, नुसतं बघून तो हसत होता.

"शाळेत त्रास देते का माझी पोरगी?" त्याने विचारलं.

"नाही हो. थोडी दमते, इतकंच."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "बाई, मदत करा. नाही म्हणत नाही. पण आम्हाला तिघांना एकत्र राहू द्या."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या दवाखान्यातली नर्स घरी येऊ लागली. हाडाची नर्स, हात हलका, तोंड फटकळ. जखम धुवायची, चादर बदलायची आणि थोरलीला म्हणायची, "हो बाजूला, तुझी ड्युटी संपली. अभ्यास कर." एका संस्थेतून दुपारचा डबा सुरू झाला. थोरली वर्गात जागी राहू लागली. एके दिवशी वर्गशिक्षिका जिन्याखाली येऊन सांगून गेली, "आज गणिताला हात वर केला हो तिने! उत्तर चुकलं, पण हात वर केला." बाईंना त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला.

हे फार दिवस टिकलं नाही. नर्स एका दुपारी जिन्याखालच्या खोलीत आली ती बसलीच नाही.

"बाई, जखम हाडापर्यंत गेलीय. ताप उतरत नाही. आता घरी भागायचं नाही."

"इस्पितळात हलवू या मग."

"हलवू. पण मागे दोन पोरी एकट्या राहणार. मला वर कळवावं लागेल. तुम्हालाही."

"दोन दिवस थांबा. मी काहीतरी जुळवते."

"मी थांबेन हो. त्याचा ताप थांबेल का?"

फोन बाईंनी स्वतःच उचलला आणि बालकल्याण कार्यालयाला कळवलं. नर्सने केला असता, तर उद्या पोरीसमोर उभं राहून 'मी नाही केला' म्हणायची सोय झाली असती. ती सोय त्यांना नको होती.

त्या दिवशी बाई खरंच धावल्या. काकाच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "माझ्याच घरात पाय पसरायला जागा नाही बाई. एकीला ठेवतो हवं तर. मोठीला. घरकामाला होईल." बाई तशाच परत फिरल्या. घरी त्यांची विधवा आक्का होती. दोघी बहिणी एकमेकींशी भांडत, एकमेकींच्या आधाराने राहायच्या. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आण की दोघींना. विचारतेस काय? माझ्या खाटेखाली इतकी वर्षं नुसता पसाराच आहे."

बालकल्याण कार्यालयातल्या अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या मनात वाईट काही नाही, मला दिसतंय. पण तुमचं ना नातं, ना वय. उद्या काही झालं तर मी कोणाला काय सांगू?"

"निदान एकत्र तरी ठेवा."

"मोठी वसतिगृहात जाईल. धाकटी शाळेच्या वयाचीही नाही, ती शिशुगृहात. दोन्ही एका आवारात असती तर मी नाही म्हटलं असतं का?"

शिशुगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

रुग्णवाहिका आली, तिच्यामागे गाडी आली. धाकटीला गाडीत बसायला मिळणार म्हणून आनंद झाला. थोरलीने तिचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले, स्वतःचे भरले नाहीत. ते बाईंनी भरले. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा बाप पोरींना हाका मारत होता. मग हाका खाली खाली गेल्या. थोरली उंबऱ्यात उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. बाईंकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात."

बाप आठवड्याभरात गेला.

वर्षअखेरीला शाळेत या योजनेची सभा झाली. पाहुण्यांसमोर हेडसरांनी एका मुलीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. वर्गात झोपणारी मुलगी, आज वसतिगृहात आहे, वजन वाढलंय, हजेरी पूर्ण आहे. टाळ्या झाल्या. सांगितलेल्यात एक शब्द खोटा नव्हता. "बाई, दोन शब्द बोला," हेडसर म्हणाले. बाई उठल्या, समोरच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि "खिडकी उघडते, उकडतंय," म्हणून मागे निघून गेल्या.

पुढेही पोरं येत राहिली, बाई धावत राहिल्या. 'मी आहे ना' मात्र ओठावर आलं की आता गिळून टाकायच्या. रविवारी सुट्टी असायची. सकाळी शिशुगृहातून धाकटीला घ्यायचं, दोन बस बदलून वसतिगृहात न्यायचं, संध्याकाळच्या आत परत सोडायचं. एवढी परवानगी त्यांनी भांडून मिळवली होती. आक्का म्हणायची, "गुडघे गेले तुझे, आता एखादा रविवार तरी सोड." बाई चपला घालायच्या.

थोरली त्यांच्याशी बोलत नसे. फाटकाशी धाकटीचा हात घ्यायची आणि तिला व्हरांड्याच्या पायरीवर नेऊन बसवायची. आधी कान बघायची, मग मान, मग नखं. बाई जरा लांबच्या बाकावर बसायच्या. बोलणं सगळं ऐकू यायचं.

त्या रविवारी थोरली धाकटीची नखं कापत होती. धाकटी तोंडाने अखंड सुरू. "आणि आई म्हणाली, तू शहाणी आहेस. आणि आईने मला वरचा पलंग दिला."

"कोण आई?"

"आमची! तिकडची. जाडी आहे. रात्री गाणं म्हणते."

नखं कापणारा हात थांबला. बाईंनी मान खाली घातली. शिशुगृहात सांभाळणाऱ्या बाईला सगळीच पोरं आई म्हणायची, हे त्यांना माहीत होतं. सांगायला त्यांचा धीर झाला नव्हता. थोड्या वेळाने कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. करंगळीपर्यंत दहाही नखं नीट झाली.

निघायची वेळ झाली. धाकटी उड्या मारत फाटकाकडे पळाली. थोरली बाईंपाशी आली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलली. बघत मात्र दुसरीकडेच होती.

"तिला सर्दी झाली की श्वास अडकतो. डोक्याखाली उंच काहीतरी द्यावं लागतं. तिच्या आईला सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या.

फाटकातून बाहेर पडताना त्यांनी वळून बघितलं. थोरली पायरीवर वाकली होती. सांडलेली बारीक नखं एकेक करून ती वेचत होती आणि दुसऱ्या मुठीत ठेवत होती. सगळी वेचून झाल्यावरही ती मूठ तशीच मिटून ती आत गेली.